मागच्या गाडीचा ब्रेक

वेग मोजायला शिकवणाऱ्यानेच पुढे थांबायची सोय काढली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइट गावचा आर्थर वॉर्नर आधी मोटारींचे स्पीडोमीटर बनवायचा. १९२७मध्ये त्याने विजेच्या ब्रेकची कंपनी थाटली.

उसाच्या भरल्या ट्रॉल्या उतारावर ट्रॅक्टरला कशा रेटतात, हे पाहिलेल्याला अडचण समजावून सांगायला नको. पेडलवर पाय पडला हे मागच्या ट्रेलरला कळणार कसं? तेलाची नळी जोडावी, तर दर वेळी सोडताना तेल सांडणार, हवा शिरणार. तार मात्र खटकन काढता-घालता येते. म्हणून चाकाच्या ड्रममध्ये विद्युतचुंबक बसवला. वीज आली की तो फिरत्या ड्रमला धरू पाहतो, त्याच्यासोबत ओढला जातो आणि त्या ओढीनेच ब्रेक-शू ड्रमवर दाबले जातात. म्हणजे जोर चाकाचाच, वीज फक्त निमित्त! हे तत्त्व आजही तेच आहे.

बदललं ते पुढच्या गाडीत. १९५५च्या आसपास अमेरिकेतल्या मोटारी ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेल्या. जुन्या चुंबकाला नवी बॅटरी जोडली, तर प्रवाह दुप्पट आणि उष्णता चौपट; गुंडाळी जळणारच. ट्रेलरच्या ब्रेकला किती वीज द्यायची हे ठरवणारे जुने कंट्रोलर तर मोटारीच्या ब्रेकच्या तेलनळीलाच फाटा काढून बसवायचे. पाय जितका जोरात, तितकी वीज जास्त. मला ही रचना फार देखणी वाटते. पण १९६८च्या सुमारास तिथल्या मोटारींना ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग सक्तीचे झाले, पुढे ब्रेक लावताना चाकं अडकू न देणारं एबीएस आलं, आणि त्या नळीला हात लावण्याची सोय उरली नाही. आजचा चांगला कंट्रोलर गाडी मंदावताना बसणारा हिसका मोजून त्या प्रमाणात वीज सोडतो.

कायद्याचा रोख आणखी एका प्रश्नावर आहे: ट्रेलर सुटलाच तर? कॅलिफोर्नियात १९५५नंतर बनलेल्या आणि ब्रेक सक्तीचे असलेल्या ट्रेलरचे ब्रेक अशा वेळी आपोआप लागून किमान १५ मिनिटं टिकावे लागतात. त्याआधीचा ट्रेलर या कलमातून सुटतो, पण ती सूट घेण्यात शहाणपण नाही. असा जुना ट्रेलर दुरुस्त करताना पत्रा, लाकूड, दारं मूळचीच ठेवावीत. ड्रम, चुंबक, वायरिंग आणि गरज पडल्यास आख्खा ॲक्सल नवा घालावा. ट्रेलरवर स्वतंत्र बॅटरी बसवावी आणि जोडदांडीवर खटका. खटक्याच्या पिनेला बांधलेली दोरी मोटारीला अडकवायची, म्हणजे ट्रेलर सुटताच पिन निघून ब्रेक लागतील. मग रस्त्यावर जाण्याआधी चाक जॅकवर उचलून ती पिन हाताने ओढायची, आणि चाक फिरतंय का ते बघायचं.