१७९ रुपये २० पैसे

शाहबानोंचं नाव निघालं की आपण शरीयत आणि संसदेवरून वाद घालतो. रक्कम कुणाच्या लक्षात नसते. एप्रिल १९७८मध्ये त्यांनी इंदूरच्या कोर्टात महिना ५०० रुपये मागितले. शोहर वकील, वर्षाची कमाई साठ हजार, असं त्यांचं म्हणणं. नोव्हेंबरमध्ये त्याने तलाक दिला. १९७९ साली कोर्टाने २५ रुपये ठरवले. पंचवीस! १९८०मध्ये हायकोर्टाने ते १७९ रुपये २० पैसे केले, आणि तेवढ्याविरुद्धही तो सुप्रीम कोर्टात गेला. १९८५ साली हरला.

पण कोर्टाचा हुकूम म्हणजे हातात आलेले पैसे नव्हेत. नवरा देतच नसेल तर कोर्टात वसुलीचा अर्ज करावा लागतो. मग वॉरंट निघतं. तरीही थकलं तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीमागे एक महिन्यापर्यंत कैद. काहीजण म्हणतात, ‘जेल भोगली, हिशेब मिटला.’ कुलदीप कौर यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे साफ नाकारलं: कैद ही वसुलीसाठी आहे, तिने देणं फिटत नाही. त्या मुसलमान नव्हत्या, पण कलम १२५ सगळ्यांचंच होतं.

बायका मात्र वाट बघत बसतात, ‘देईल, मुलांचा बाप आहे.’ रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही.