सेनापती देवाचा अस्त

१/ कार्तिकेय हा देवांचा सेनापती. उत्तर भारतात एकेकाळी राजे आणि गणराज्ये त्याची प्रतिमा आपल्या नाण्यांवर उमटवीत. आज तेथे त्याची स्वतंत्र मंदिरे विरळाच. असे का घडले?

२/ आजच्या हरियाणा-पंजाब भागातील यौधेय हे लढवय्ये गण. त्यांच्या नाण्यांवर भालाधारी कार्तिकेय आहे आणि सोबत गणाच्या जयाचा लेख. कुषाण सम्राट हुविष्काच्या नाण्यांवरही स्कंद, कुमार, विशाख, महासेन ही नावे आढळतात.

३/ गुप्त सम्राट पहिला कुमारगुप्त याच्या सुवर्णनाण्यावर एकीकडे मोराला खाऊ घालणारा राजा, तर दुसरीकडे मयूरारूढ कार्तिकेय. त्याच्या पुत्राचे नावही स्कंदगुप्त.

४/ गुप्त साम्राज्य लयाला गेले आणि या देवाचा मोठा आश्रयही सरला. तमिळ प्रदेशात मात्र स्कंद हा डोंगररानातल्या मुरुगनाशी एकरूप झाला होता. तेथे आजही तैपूसमला सामान्य भाविक खांद्यावर कावडी घेऊन पळणीची वाट चालतात.

५/ आपल्याकडे कार्तिकी पौर्णिमेला, कृत्तिका नक्षत्राच्या योगावर, त्याच्या दर्शनाला गर्दी होते. एरवी त्याचे स्मरण क्वचितच.

६/ माझ्या मते, उत्तरेत हा देव युद्धात हरला नाही. ज्यांना विजयासाठी तो हवा होता, ते राहिले नाहीत. जेथे तो लोकांचा झाला, तेथे टिकला.