देवळातलं कासव, विहिरीतलं कासव, काचेतलं कासव

महादेवाच्या देवळात आपण आधी नंदीला हात लावतो आणि जवळच्या दगडी कासवापुढे वाकतो. इंद्रियं आत ओढून घ्यावीत ती कासवासारखी, असं गीता सांगते. आपल्या संतांनी तर कासवीला आई केलं, पिलांना नुसत्या नजरेनं वाढवणारी. (खरी कासवी मातीत अंडी पुरून निघून जाते, पण ती कल्पना आम्हाला अजून गोड वाटते.)

देवळाबाहेरचं कासव विहिरीत असायचं. पाण्यातले किडे आणि मेलेलं-कुजलेलं ते खाऊन टाकतं, पाणी नासत नाही, असं म्हातारी माणसं सांगायची. एका विहिरीत एखादंच. सातारा-सांगलीत, कृष्णेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठानं, प्रामुख्यानं मऊ पाठीचं आणि काळं, टणक पाठीचं अशी कासवं दिसतात. कृष्णेत लीथचं मोठं मऊ कासवही आहे, पण ते आता फार दुर्मीळ झालंय.

काचेच्या टाकीतलं कासव मात्र अमेरिकेचं. कानाजवळ लाल पट्टा, हिरवं, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंसंच मोठं. तिकडे लुइझियाना राज्यात त्याची शेतीच होते. या पिलांमुळे मुलांना साल्मोनेलाची, म्हणजे जुलाब-तापाची लागण होऊ लागली, तेव्हा १९७५ साली अमेरिकेनं चार इंचांपेक्षा लहान कासव पाळायला विकण्यावर बंदी घातली. चारच इंच का? तर त्याहून मोठं कासव लहान मूल तोंडात घालू शकत नाही! आपल्या मुलांना बंदी, पण परदेशी विक्री चालूच. १९८७ ला टीव्हीवर लढवय्या कासवांचं कार्टून आलं आणि मागणी उसळली. १९८९ ते १९९७ या काळात पाच कोटींहून जास्त पिलं जगभर गेली. १९९७ मध्ये युरोपानं आयात थांबवली. आपल्याकडच्या बाजारात ती येतच राहिली.

आता घरात काय होतं बघा. मुलानं शहरातून हे पिल्लू आणलेलं असतं. पावसाळ्यात शेताच्या चारीत एक मऊ पाठीचं कासव सापडतं. एकट्याला करमत नसेल म्हणून तेही त्याच टाकीत! मायेनंच करतात, पण कासवाला सोबत लागत नाही. मऊ कासव चिखलात दडून राहणारं. काचेत चिखल नाही, खडे घासून त्याचं कातडं सोलतं, त्यात परदेशी कासव चावतं आणि जखम कुजते. एकाला न बाधणारा रोग दुसऱ्याला मारतो. कुणी चांदण्यांच्या नक्षीचं कासव त्यात सोडलं तर ते बुडूनच मरतं, कारण ते कोरड्या माळावरचं, गवत खाणारं. सगळ्यांना कासवच म्हणतो, पण शेळी आणि म्हैस एका दाव्याला बांधण्यासारखंच झालं हे.

शिवाय १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. आपलं देशी कासव पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. चांदणी कासवालाही तो लागू आहे, दुकानदार काहीही सांगो.

परदेशी पिल्लू पुढे ताटाएवढं होतं, तीस-तीस वर्षं जगतं, पाणी रोज घाण करतं. मग ते विहिरीत किंवा कृष्णेत सोडून पुण्य केल्यासारखं वाटतं. केरळात त्रिशूरच्या एका कालव्यात अशीच सोडलेली कासवं सापडली आणि ती शोधून काढायला शास्त्रज्ञांना लोकांची मदत मागावी लागली. ते आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायची जागा बळकावतं.

म्हणून घरात असेल तर त्याची टाकी वेगळी ठेवा, तिचं पाणी आड-नदीत ओतू नका, हाताळल्यावर साबणानं हात धुवा, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती ते देऊ नका. नको झालं, किंवा टाकीत देशी कासव आहे असं कळलं, तर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. हा फोन फुकट आहे.