जुनी काचपात्रे : ओळख व कालनिर्णय

जुन्या बाटल्या, बरण्या, हंड्या, अत्तरदाण्या व दिव्यांच्या काचा यांचा काळ घडण, खुणा आणि झीज पाहून ठरवण्याची पद्धत.

प्रथम सांध्याची रेघ पाहतात. साच्यात केलेल्या बाटलीवर साच्याच्या दोन भागांमधली उभी रेघ उमटते. ती गळ्यावरच थांबली असेल, तर तोंड बहुधा हाताने घडवलेले असते. काठापर्यंत गेली असेल, तर बाटली यंत्राची. ओवेन्स यांचे बाटल्या घडवणारे स्वयंचलित यंत्र अमेरिकेत १९०३ च्या सुमारास सिद्ध झाले आणि तिकडे हातकाम लवकरच मागे पडले. त्यावर बेतलेले पाश्चात्त्य आडाखे आपल्याकडे फसवतात, कारण फिरोजाबादेत फुंकणीचे काम आजही चालते. बुडबुडे, वाकडा काठ, बुडाखालचा खरबरीत व्रण एवढ्यावरून वस्तू शंभर वर्षांची ठरवू नये. हीच गोष्ट गोटी सोड्याच्या बाटलीची. हायरम कॉड यांची ही रचना १८७० च्या दशकातली, पण भारतात ती अजून वापरात आहे.

महाराष्ट्रातील वस्तूंसाठी कारखान्यांचा इतिहास अधिक भरवशाचा. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसाफंडातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काच कारखाना निघाला. लोकमान्य टिळकांचे त्याला पाठबळ होते. औंध संस्थानच्या आश्रयाने कराडजवळ ओगले काच कारखाना १९१६ मध्ये सुरू झाला. कारखान्याची खूण पटली, की वस्तू तो सुरू झाला त्या वर्षाच्या आधीची नाही एवढे निश्चित होते.

ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचला. महामार्गावरच्या कोहमाऱ्यासारख्या (जि. गोंदिया) गावातल्या एखाद्या माळ्यावर असा कंदील मिळाला, तर सांगाडा आणि काच वेगवेगळी तपासावी. काच फुटे, नवी बसे. सांगाडा मात्र तोच राही. त्यामुळे सांगाड्यावरचे नाव काचेचे वय सांगत नाही.

झीज चांगली साक्ष देते. खऱ्या वापराने बुडाच्या टेकणाऱ्या कडेवर आडव्यातिडव्या, कमीजास्त खोल रेषा पडतात. पॉलिश कागदाने घासलेल्या नकलेवर त्या एकसारख्या आणि भलत्या जागीही दिसतात. अतिनील दिव्याखाली हिरवी चकाकणारी काच बहुधा युरेनियमयुक्त असते. बोहेमियात ती १८३० च्या दशकापासून होई, मात्र नव्या नकलाही तशाच चकाकतात. मातीत दीर्घकाळ पडलेल्या काचेवर इंद्रधनुषी पापुद्रा चढतो. तो काचेचाच झिजलेला थर असतो. राखेने किंवा घासणीने काढू नये.