अलिखित अवलंबित्व : समांतर बांधणी आणि बाह्य लायब्रऱ्या यांच्या इतिहासाचा एक धागा

संगणकाच्या आज्ञावलींचा इतिहास सांगताना यंत्रांचा व भाषांचा विचार बहुधा केला जातो. आज्ञावली ज्या क्रियेने सिद्ध होते त्या क्रियेकडे मात्र लक्ष कमी जाते. मूळ संहितेच्या अनेक फायली कंपायलरकरवी यंत्रभाषेत उतरविणे, इतरांनी लिहिलेल्या लायब्रऱ्या त्यांना जोडणे आणि अखेर चालविण्याजोगी फाइल तयार करणे, या सर्व खटाटोपास येथे 'बांधणी' असे म्हटले आहे. बांधणीतील कामे एकामागून एक न होता एकाच वेळी अनेक होऊ लागली, तेव्हा बाह्य लायब्रऱ्यांच्या संबंधात वारंवार अपघात होऊ लागले. हे अपघात समांतरतेने निर्माण केले, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे की, दोष मुळातच होता. क्रमवार बांधणीने तो झाकून ठेवला होता आणि समांतर बांधणीने तो उघडा केला.

लायब्ररीची कल्पना संग्रहित आज्ञावलीच्या यंत्राइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हे यंत्र मे १९४९ मध्ये चालू झाले. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये आज्ञावली-रचनेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तोपर्यंत ८७ सबरूटीनांचा संग्रह तेथे तयार झाला होता. प्रत्येक सबरूटीन छिद्रे पाडलेल्या कागदी फितीच्या तुकड्यावर असे आणि हे तुकडे कपाटात ठेवलेले असत. आज्ञावली रचणारा मनुष्य हवे ते तुकडे काढून त्यांची नक्कल आपल्या फितीवर उतरवून घेई. कोणत्या तुकड्यास कोणता तुकडा लागतो, हे त्याच्या ध्यानात असे. अवलंबित्व होते, परंतु त्याचा सांभाळ मनुष्याच्या स्मरणाकडे होता. ही व्यवस्था त्या काळी पुरेशी होती, कारण फीत एक, यंत्र एक आणि काम करणारा हातही एकच होता.

पुढे बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणाली विकसित झाली, तेव्हा लायब्ररी म्हणजे अनेक ऑब्जेक्ट फायली एकत्र बांधलेली एक संग्रह-फाइल झाली. आरंभीचा लिंकर हा संग्रह पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाच वाचीत असे. एखाद्या फायलीस लागणारी दुसरी फाइल संग्रहात तिच्या आधी येऊन गेली असेल, तर लिंकर मागे वळून पाहत नसे व जोडणी फसे. यास्तव संग्रह रचण्यापूर्वी 'लॉर्डर' नावाचे साधन कोणास कोण लागते याच्या जोड्या काढून देई आणि 'टीसॉर्ट' हे साधन त्या जोड्यांवरून योग्य क्रम ठरवी. अशा क्रमनिश्चितीची एक प्रसिद्ध रीत आर्थर कान यांनी १९६२ मध्ये मांडली होती. मोठ्या प्रकल्पांच्या नियोजनात वापरली जाणारी कार्यजाळी हा तिचा संदर्भ होता. नंतर 'रॅनलिब' या साधनाने संग्रहास अनुक्रमणिका जोडण्याची सोय केली आणि एका संग्रहाच्या पोटातील क्रमाचा हा प्रश्न मिटला. तथापि एक महत्त्वाचा भेद या प्रसंगी पुढे आला होता. अवलंबित्व ही एक गोष्ट आणि क्रम ही दुसरी. अवलंबित्वावरून क्रम काढता येतो. केवळ क्रम हाती असला तर त्यावरून अवलंबित्व निश्चित करता येत नाही.

हा भेद नीट ओळखून लिहिलेले साधन म्हणजे स्टुअर्ट फेल्डमन यांचे 'मेक' होय. ते १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेतच तयार झाले. त्याचा उगम एका वाया गेलेल्या सकाळीत आहे. फेल्डमन यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन मुळात बरोबर असलेल्या आज्ञावलीतील चूक शोधीत बसले होते. चूक दुरुस्त झाली होती, पण दुरुस्त फाइल पुन्हा कंपाइल करावयाची राहून गेली होती. 'मेक'मध्ये बांधणीच्या आज्ञा एकाखाली एक लिहून भागत नाही. कोणती फाइल कोणत्या फायलींवर अवलंबून आहे, हे लिहावे लागते. फायलींच्या वेळा ताडून कोणते काम नव्याने करावयाचे ते साधन स्वतः ठरविते. स्मरणाच्या जागी लेख आला. या कार्याबद्दल २००३ साली असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी या संस्थेने फेल्डमन यांना सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार दिला.

परंतु लेख पुरा नसला तरी 'मेक' तक्रार करीत नसे. एका नियमात जी नावे डावीकडून उजवीकडे लिहिली असतील, त्याच क्रमाने ते कामे हाती घेई. एक उदाहरण घेऊ. पीएनजी पद्धतीची चित्रे वाचणारी लिबपीएनजी ही लायब्ररी, माहितीचा संकोच करणाऱ्या झेडलिब या लायब्ररीवर अवलंबून आहे. आपल्या आज्ञावलीस दोन्ही लागतात. बांधणीच्या फायलीत झेडलिब, लिबपीएनजी व आज्ञावली अशी तीन नावे याच क्रमाने लिहिली आणि त्यांचा परस्परसंबंध लिहिला नाही, तरी क्रमवार बांधणी निर्वेध पार पडते. एकच आचारी सर्व स्वयंपाक करीत असेल, तर फोडणी देण्यापूर्वी डाळ शिजली पाहिजे हे कोणी लिहून ठेवीत नाही. चार आचारी चार चुलींवर उभे राहिले, की ते सांगावे लागते.

हे चार आचारी यावयास फार काळ लागला नाही. बर्कली येथील स्प्राइट या प्रणालीसाठी अ‍ॅडम डी बूर यांनी १९८० नंतरच्या दशकात 'पीमेक' लिहिले. जाळ्यातील जी यंत्रे रिकामी असतील त्यांवर बांधणीची कामे पाठविण्याची सोय त्या प्रणालीत होती. रोलंड मॅकग्रा व रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू मेकमध्येही 'जे' हा पर्याय आला; त्यापुढे आकडा लिहिला की तितकी कामे एकदम सुरू होतात. इ. स. २००५ पासून वैयक्तिक संगणकांतही एकाहून अधिक गाभ्यांचे प्रोसेसर येऊ लागले आणि समांतर बांधणी हा रोजचा व्यवहार झाला.

यानंतर वरील उदाहरणाची गत काय होते ते पाहावे. तिन्ही कामे एकदम सुटतात. लिंकर झेडलिबची संग्रह-फाइल मागतो, ती अद्याप जन्मास आलेली नसते किंवा अर्धवट लिहिलेली असते, आणि बांधणी मोडते. मात्र दरम्यान झेडलिबचे काम बहुधा पुरे झालेले असते. त्यामुळे तीच आज्ञा दुसऱ्यांदा दिली की बांधणी सफल होते. ज्याच्या यंत्रावर जुन्या बांधणीचे अवशेष पडून आहेत त्यास दोष कधीच दिसत नाही. तो दिसतो तो कोऱ्या यंत्रावर प्रथमच बांधणी करणाऱ्या नवख्यास, आणि त्याचे सांगणे खोटे ठरते, कारण मागाहून पाहणाऱ्यापुढे दोष प्रकट होत नाही.

या अनर्थाचे एक कारण पीटर मिलर यांनी १९९८ साली ऑस्ट्रेलियातील युनिक्स-वापरकर्त्यांच्या नियतकालिकात दाखवून दिले. मोठ्या प्रकल्पात प्रत्येक उपविभागासाठी 'मेक'ची वेगळी हाक देण्याची प्रथा होती. प्रत्येक हाकेपुढे अवलंबित्वाच्या जाळ्याचा आपल्यापुरताच तुकडा असे. तुकड्यांमधील दुवे कोणाच्याच दृष्टीस पडत नसत. मिलर यांच्या मते दोष साधनाचा नव्हता, त्याला दिलेल्या अपुऱ्या माहितीचा होता. त्यांनी सर्व विभागांचे एकच संपूर्ण जाळे मांडण्याचा उपाय सुचविला. स्वतः लिहिलेल्या विभागांपुरता तो योग्यच आहे. बाह्य लायब्ररीच्या बाबतीत मात्र तो अडतो, कारण तिची बांधणी तिच्या कर्त्याने आपल्या पद्धतीने, कित्येकदा निराळ्याच साधनाने, लिहिलेली असते.

बाह्य लायब्ररीमुळे संख्येचाही प्रश्न उपस्थित होतो. मुख्य बांधणीने आठ कामे एकदम सुरू केली आणि त्यांतील प्रत्येक काम हे आठ-आठ कामे सुरू करणारी स्वतंत्र बांधणी असले, तर चौसष्ट कामे यंत्रावर येऊन पडतात. यावर ग्नू मेकने 'जॉबसर्व्हर' ही युक्ती योजिली. एका पाइपमध्ये ठराविक टोकने ठेवावयाची. जास्तीचे काम सुरू करण्यापूर्वी एक उचलावयाचे व काम संपताच परत टाकावयाचे. सर्व उपबांधण्या एकाच पाइपमधून टोकने घेत असल्याने एकूण संख्या मर्यादेत राहते. पण ज्या साधनास हा संकेत ठाऊक नाही ते टोकन न घेताच कामे सुरू करते.

बाह्य लायब्ररीस मुख्य बांधणीत रीतसर स्थान देण्याचा प्रयत्न सीमेक या साधनाने २००९ मधील २.८ या आवृत्तीत केला. लायब्ररी उतरवून घेणे, तिची जुळणी, बांधणी व स्थापना या पायऱ्यांचे एक लक्ष्य त्यात करता येते आणि आपली आज्ञावली त्या लक्ष्यावर अवलंबून आहे असे लिहिता येते. परंतु त्या लक्ष्याच्या आत कोणत्या फायली निर्माण होतात, हे बाहेरून दिसत नाही. ईव्हान मार्टिन यांचे 'निन्जा' हे साधन २०११ च्या सुमारास पुढे आले, तेव्हा ही उणीव प्रकर्षाने जाणवली. एखादी आवश्यक फाइल अस्तित्वात नसेल आणि ती निर्माण करणारा नियमही नसेल, तर निन्जा कामास आरंभच करीत नाही. म्हणून सीमेकच्या ३.२ या आवृत्तीत, २०१५ साली, बाह्य बांधणीतून निघणाऱ्या फायलींची नावे सांगण्याची सोय करण्यात आली. झेडलिबच्या बांधणीतून अमुक नावाची संग्रह-फाइल निघते, एवढे एक वाक्य लिहिले की वरचा अपघात टळतो.

उलट बाजूही नमूद केली पाहिजे. भीतीपोटी सर्व काही सर्वांवर अवलंबून आहे असे लिहिले, तर बांधणी बिनचूक होते, पण समांतरता नष्ट होते. वस्तुतः आपली संहिता कंपाइल करण्यास झेडलिबच्या शीर्षक-फायली पुरतात. संग्रह-फाइल लागते ती अखेरच्या जोडणीस. हा फरक लिहिला तर दोन्ही कामे बरोबरीने चालतात. जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ साली दाखविल्याप्रमाणे, जो भाग क्रमवारच करावा लागतो तो एकूण वेगाची मर्यादा ठरवितो. खोटे अवलंबित्व हा भाग विनाकारण वाढविते. जेंटू या लिनक्स वितरणात काही पॅकेजांच्या बांधणीवर एका वेळी एकच काम असे बंधन घातलेले आढळते. न लिहिलेल्या संबंधाचे मोल तेथे प्रत्येक बांधणीच्या वेळी कालव्ययाने चुकवावे लागते.

याहून कठोर मार्ग म्हणजे जे लिहिले नाही ते बांधणीस दिसूच न देणे. उट्रेख्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ साली ज्या निक्स प्रणालीवर प्रबंध सादर केला, तीत आणि गूगलने २०१५ मध्ये सर्वांस खुल्या केलेल्या बेझल या साधनात हे तत्त्व आढळते. घोषित न केलेली लायब्ररी बंदिस्त बांधणीस सापडतच नाही. त्यामुळे चूक पहिल्याच दिवशी कळते. त्याचे मोल असे की, प्रत्येक बाह्य लायब्ररीचे वर्णन नव्याने लिहावे लागते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये निघालेल्या ग्नू मेकच्या ४.४ या आवृत्तीत 'शफल' नावाचा एक पर्याय आला. नियमात लिहिलेल्या नावांचा क्रम तो बुद्ध्याच विस्कटून टाकतो. घोषित अवलंबित्व त्यानंतरही पाळले जाते. केवळ लिहिण्याच्या क्रमावर जे विसंबले असेल ते मोडते. ज्या क्रमाने पूर्वी दोष झाकला, तोच क्रम मोडून दोष शोधण्याचे हे साधन होय. एडसॅकच्या कपाटापासून येथपर्यंतचा प्रवास एकाच दिशेने झालेला आहे : जाणत्या माणसाच्या स्मरणात जे होते, ते अनोळखी माणसाने व त्याच्या कोऱ्या यंत्राने वाचावे अशा रीतीने लिहून ठेवणे. समांतर बांधणी जेथे मोडते, तेथे कामांची संख्या कमी करण्यापूर्वी कोणता संबंध लिहावयाचा राहिला हे पाहावे, असा या इतिहासाचा निष्कर्ष आहे.