इर्शाळवाडी : वाट तासाभराची

१७ ते १९ जुलै २०२३. खालापूर तालुक्यात पावसाने झड धरलेली. तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर. इर्शाळगडाच्या कड्याखाली ठाकर आदिवासींची वाडी, ४८ कुटुंबं, २२८ माणसं. पायथ्याला मोरबे धरण. त्याचं पाणी नवी मुंबईच्या नळांना पोचतं, वाडीला मात्र गाडीरस्ता नव्हता. चौक गावाजवळच्या नानिवलीतून तासभर चढ, पावसात जास्तच. म्हणजे आजारी माणूसही उतरायचा तो खांद्यावरूनच.

दरडप्रवण गावांच्या यादीत वाडीचं नाव नव्हतं. २०१४ला माळीण गाव दरडीखाली गेलं, २०२१ला तळीये गेलं, तरीही यादी करणाऱ्यांना हा कडा दिसला नाही. मला ते अजून पचत नाही.

१९ जुलै, रात्री १०. जेवणं उरकून घरं झोपलेली. काही पोरं मात्र शाळेत झोपायला आलेली, मोबाइलवर गेम खेळत जागी.

१०.३० ते ११. कडा सुटला. आवाज ऐकून शाळेतली पोरं बाहेर धावली, ती वाचली. त्या घटकेला डॉक्टर तीच, अग्निशमन दल तीच.

११.३०च्या सुमारास. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात खबर. खालच्या गावांतली माणसं तोवर बॅटऱ्या घेऊन निघालेली.

मध्यरात्रीनंतर. खोपोलीचे यशवंती हायकर्स आणि आसपासचे गिर्यारोहक वाटेला लागले. इर्शाळच्या नेढ्याकडे, कड्यातल्या आरपार भोकाकडे, जाताना ही मंडळी याच वाडीतून जायची. वाट पायाखालची होती. तरी त्या रात्री दगड हाताला लागला तर चिखलासकट सुटून यायचा. रुग्णवाहिका पायथ्याशी उभ्या. त्यांच्यापर्यंत जखमी आणायचा तो हातांवर, निसरड्या वाटेने, समोरून चढणाऱ्यांना कडेला सरायला सांगत. नवी मुंबई अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याला चढतानाच हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. कवायत केलेला माणूस, सोबत सहकारी. तरी मधे तो चढ होताच.

२० जुलै, उजाडताना. एनडीआरएफची माणसं, श्वानपथक ढिगाऱ्यावर. हवा अशी की हेलिकॉप्टर उडेना, आणि वाट अशी की जेसीबी चढेना. फावडी, घमेली, हात. तेव्हाचे मुख्यमंत्रीही पायीच वर आले. दुसरी सोयच नव्हती.

२३ जुलै. शोध थांबवला. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसं ढिगाऱ्यातच राहिली.