बाप होणे आणि कर्ता होणे

मंडळी, घरात पाळणा हलला म्हणजे तरुण बाप होतो. पण तो कर्ता पुरुष होतो का? आपल्या सातारा-सांगलीकडच्या एकत्र कुटुंबांत या दोन गोष्टी निराळ्या होत्या. मुलाला मूल झाले तरी घरचा व्यवहार वडिलांच्याच हाती. थोरल्यांच्या देखत स्वतःच्या पोराला मांडीवर घेणेदेखील बेअदबीचे वाटे. लेकरू आजाच्या खांद्यावर खेळे, आणि बाप दुरूनच बघे.

त्यात लग्ने लवकर होत. १९२९ साली शारदा कायदा झाला. १ एप्रिल १९३० पासून मुलाला १८ व मुलीला १४ वर्षांची अट आली. १९७८ साली ती २१ आणि १८ झाली. कायद्याने वय ठरवले. पण लग्नाच्या कर्जाचे काय? मानपान, वाजंत्री, पंगती यांसाठी वडील सावकाराच्या कागदावर अंगठा उठवीत, आणि ते फेडायला कितीतरी नवे बाप मुंबईच्या गिरण्यांत जात. पोराला बाप कळे तो मनिऑर्डरीतून, नाहीतर गावच्या जत्रेला.

या दुखण्यावर प्रतिसरकारने एक उपाय केला. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, तसेच आजच्या सांगलीतल्या कुंडल भागातही, 'गांधी-विवाह' लागले. हुंडा नाही, बडेजाव नाही. कर्जाचा बोजा नसला, तर तरुणाने संसार स्वतःच्या हिमतीवर उभा करावा.

या चळवळीचे पुढारी क्रांतिसिंह नाना पाटील. त्यांनी १९३० साली तलाठ्याची नोकरी सोडली, तेव्हा लेक हौसाताई अवघी तीन वर्षांची होती. आई लहानपणीच गेली. पुढे वडील भूमिगत झाले. दुसऱ्यांच्या संसाराचा भार हलका करणारा हा बाप लेकीला क्वचितच दिसे. हौसाताई मोठेपणी त्याच लढ्यात उतरल्या, हे खरे. पण बापाच्या थोरवीची किंमत लेकीनेही मोजली, हे आपण विसरू नये.

गुरुजनहो, मुलांना प्रतिसरकारचा इतिहास सांगताना ही बाजूही सांगा. आणि घरच्या वडीलधाऱ्यांनो, लग्न ऋण काढून करू नका. नातू झाला, की तो आधी त्याच्या बापाच्या हातात द्या. घरचा हिशेबही त्याच्यापुढे मांडा. कर्तेपण वयाने आपोआप येत नाही. ते कोणीतरी विश्वासाने हाती द्यावे लागते.